देवाचा झिरा

मी बोलतोय तो जामखेडजवळच्या एका लहानशा गावातला, दत्तोपंत जोशांच्या देव्हाऱ्यातला शाळिग्राम. काळा कुळकुळीत, मोठ्या आवळ्याएवढा. एका बाजूला भोक आहे आणि त्यातून डोकावलं तर आत चक्र दिसतं. त्या चक्रावरून लोक मला विष्णू म्हणतात. मी कधी नाही म्हटलं नाही, कारण मला तोंडच नाही. पण आता सांगून टाकतो. मी देव नाही आणि नुसता दगडही नाही. मी समुद्रातला एक जीव होतो, आणि मला मरून फार वर्षं झाली.

कोकणातल्या माणसाला माकूळ ठाऊक असतं. मऊ अंग, मोठे डोळे, तोंडाभोवती हात. मी त्याच्याच भावकीतला. फक्त माझ्या पाठीवर गुंडाळलेला शंख होता. आज जिथे हिमालय आहे तिथे तेव्हा समुद्र होता, हे ऐकून तुम्ही हसाल. हसा. मी वाढायचो तशी शंखाला एक नवी खोली बांधायचो, मागच्या खोलीचं दार लिंपून टाकायचो आणि पुढच्या खोलीत राहायला यायचो. मागच्या बंद खोल्यांत हवा असायची, तिच्यावर तरंगायचो. माणसं घराला खोल्या वाढवतात आणि सगळ्या अडगळीने भरतात, तसं आमच्यात नव्हतं.

आम्ही हजारोंनी होतो. भाल्याच्या टोकासारखे सरळसोट भाऊबंद होते, चिखलात रुतून बसलेली कालवं होती. आणि मगरीच्या तोंडाचे, माशाच्या अंगाचे, ताटलीएवढ्या डोळ्यांचे दांडगे सरडे होते. ते अंगावर आले की मी पोटातलं पाणी जोरात बाहेर फेकायचो आणि पाठमोरा पळायचो. पळणं मला यायचं, एवढं लक्षात ठेवा. आणखी एक यायचं. पाण्याची चव मला अंगभर कळायची. कुठे गोडं पाणी मिसळलंय, कुठे काही कुजतंय, कुठे कोण दबा धरून बसलंय, हे पाणी आपण होऊन सांगायचं.

एक दिवस पळता आलं नाही. चिखलाने मला पोटात घेतलं, चिखलाचा दगड झाला, समुद्राचा डोंगर झाला. मग गंडकी नदीने मला उकरून काढलं आणि घोळवून घोळवून गुळगुळीत केलं. एका गोसाव्याने उचलून काशीला नेलं. तिथे दत्तोपंतांच्या आजोबांनी मला त्याच्याकडून मागून घेतलं आणि कनवटीला लावून पायी या कोरड्या मुलखात आणलं. ज्याचा जन्म समुद्रात झाला तो अशा गावी आला, जिथे उन्हाळ्यात चिमणीला चोच बुडवायला पाणी मिळत नाही. नशीब म्हणतात ते हेच असावं.

दत्तोपंत गावचे जोशी. पंचांग सांगायचे, मुहूर्त काढायचे, मुलांना अक्षरं शिकवायचे. माणूस सरळ. बायको जाऊन दहा वर्षं झाली होती. मुलगा सुमंत नगरच्या एका शाळेत मास्तर होता. तिथे त्याला धड बिऱ्हाड मिळेना, म्हणून सून दमयंती आणि चार वर्षांची नात नीलांबरी इथेच राहायच्या.

रोज सकाळी दत्तोपंत सोवळं नेसून मला संपुष्टातून, म्हणजे माझ्या डबीतून, काढायचे, ताम्हनात ठेवायचे आणि पळीपळीने पाणी घालायचे. तेच पाणी मग तीर्थ. अकाली मरण टळो, सगळे रोग नाहीसे होवोत, असं म्हणून ते घ्यायचं असतं. पहिली पळी ते स्वतः घ्यायचे, दुसरी नीलांबरीला द्यायचे. ओसरीखाली दोनचार बायाबापड्या ओंजळ करून उभ्या असायच्या, त्यांनाही वरून पळी मिळायची. शेजारच्या रानातली कडूबाई त्यात रोजची. दमयंती ताम्हन घासायची, समई घासायची, फुलं काढायची. मला मात्र तिने कधी हात लावला नव्हता. बाईने शाळिग्रामाला शिवायचं नसतं, असा या घरचा नेम. कुणी केला, मला विचारू नका. मला विचारून कुणीच काही केलेलं नाही.

त्रेचाळीसच्या दिवाळीत सुमंत एक जाड पुस्तक घेऊन आला. त्यात माझ्या भावकीचं चित्र होतं. त्याने ते वडिलांपुढे धरलं आणि भीतभीत सांगितलं की आपला शाळिग्राम हा एक समुद्रातला प्राणी आहे. तो कोट्यवधी वर्षांपूर्वी, जुरासिक नावाच्या काळात जगला. त्या काळाच्या शेवटच्या टप्प्याला टिथोनियन म्हणतात. ते नावही एका जुन्या परदेशी गोष्टीतल्या माणसावरून पडलंय. त्याला मरण येऊ नये असा वर मिळाला, पण हातपाय धड राहोत असं मागायचं राहून गेलं.

दत्तोपंत रागावतील असं सगळ्यांना वाटलं. ते चित्र निरखून बघत बसले आणि म्हणाले, "मासा झाला, कासव झाला, डुक्कर झाला. आता माकूळही झाला म्हणायचा. तू मला नवीन काय सांगितलंस?"

सुमंत हसला. मी मात्र त्या परदेशी माणसाचाच विचार करत राहिलो. मरण नाही आणि हलताही येत नाही, ही गोष्ट कुणी माझ्यावरूनच रचली असावी असं मला वाटलं.

पुढच्या वैशाखात बाजाराच्या गावावरून पटकी आली. आज कॉलरा म्हणतात तीच. सकाळी धडधाकट असलेला माणूस दिवे लागेपर्यंत उचलायची वेळ यायची. आरोग्य खात्याचा माणूस सुया टोचायला आला तेव्हा गाव दारं लावून बसलं. दत्तोपंत चावडीवर गेले आणि त्यांनी सर्वांच्या आधी दंड पुढे केला. मग लोक आले. म्हणून सांगतो, त्यांना अडाणी समजू नका. विहिरीत लाल औषध ओतलं, पाणी गुलाबी झालं, तेव्हाही तेच लोकांना सांगत फिरले की बिनघोर प्या, आणि जमलं तर उकळून प्या. घरात दमयंती हंडाभर पाणी उकळून ठेवायची, ते त्यांनी मुकाट्याने चालवून घेतलं.

घोडं अडलं ते माझ्यापाशी. औषध घातलेलं पाणी देवाला कसं घालायचं? दत्तोपंतांनी दोन दिवस विचार केला आणि गोरक्षाला हाक मारली. गोरक्ष हा कडूबाईचा एकुलता एक मुलगा, वीस-बावीस वर्षांचा, कारखान्याकडे उसाची तोड संपवून नुकताच परतलेला. सुया टोचल्या तेव्हा तो गावात नव्हता. नदी आटलेलीच होती. तिच्या वाळूत देवापुरता एक वेगळा झिरा खणून दे, असं त्यांनी त्याला सांगितलं. गोरक्षाने एका सकाळीत कमरेइतका खड्डा घेतला. तळाला पाणी पाझरलं, नितळ, आरशासारखं.

घाम पुसत तो ओसरीशी येऊन म्हणाला, "पंतकाका, देवाला लाल पानी चालत न्हाई, आन आमाला बरं चालतं?"

दत्तोपंत मनापासून हसले. त्या दिवसापासून त्या खड्ड्याला देवाचा झिरा म्हणायला लागले. त्यात दुसऱ्या कुणी घागर बुडवायची नाही, औषध टाकायचं नाही. सकाळी दत्तोपंत ओलेत्याने जायचे आणि कलश भरून आणायचे. गावातलं सगळ्यात शुद्ध पाणी माझ्या अंगावर पडायचं, अशी त्यांची समजूत होती. पहिले आठ दिवस ती खरीही होती.

शनिवारी वरच्या वाडीत एक म्हातारी पटकीने गेली. तिची लुगडी, गोधड्या तिच्या घरच्यांनी नदीच्या वळणावरच्या डोहात धुतल्या. बिचाऱ्यांना तरी दुसरीकडे पाणी कुठे होतं? त्या डोहाचंच पाणी वाळूखालून झिऱ्यात उतरतं. हे दमयंतीला पाणवठ्यावर कळलं. ती घरी आली आणि माजघराच्या दाराआडून म्हणाली, "मामंजी, देवाचं पाणी तेवढं आधण आणून निववून घेतलं तर?"

"उकळलेलं म्हणजे शिजलेलं, सूनबाई. शिजलेल्याने देवाला अंघोळ घालतात का?"

तिने वाडीचं आणि डोहाचं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग शांतपणे म्हणाले की वाळू पाणी गाळते, आणि ज्याच्या पायाच्या पाण्याने रोग जातो त्यालाच आपण रोगाचं भय घालायचं, हे काही बरं नव्हे. त्यांच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर ती भांडली असती. प्रेमळ माणसाशी भांडायचं कसं, हे तिला येईना.

रविवारी सकाळी पहिली पळी माझ्या अंगावर पडली आणि मला कळलं. पंधरा कोटी वर्षांत माझं सगळं गेलं होतं, पण पाण्याची ओळख गेली नव्हती. त्या पाण्यात काहीतरी होतं. बारीक, वळवळणारं, भुकेलं. माझ्या समुद्रात दातांचे राक्षस होते, पण ते दिसायचे तरी. हे दिसतही नव्हतं. मला पाठमोरं पळायचं होतं. ताम्हन उलथायचं होतं. मी एक केसभरही हललो नाही. वरून दुसरी पळी पडली, तिसरी पडली, तुळशीचं पान पडलं, आणि माझ्या अंगावरून ओघळून ते पाणी तीर्थ झालं.

दत्तोपंतांनी पहिली पळी घेतली. मग नीलांबरीला हाक मारली. तिने आपली इवलीशी ओंजळ पुढे केली. मी त्या ओंजळीकडे बघत होतो. माझ्यासारख्याला रडता आलं असतं तर त्या दिवशी आलं असतं. तिने तीर्थ घेतलं, डोळ्यांना लावलं, उरलेलं केसांवर पुसलं, आणि पळाली. तोंडाला लावलंच नाही.

"अगं, प्यायलं नाहीस?"

"आई म्हणाली, पिऊ नको. डोळ्यांना लाव."

दमयंती दारात उभी होती, मान खाली. दत्तोपंतांनी पळी पुन्हा भरली. नातीच्या वाटचं तीर्थ वाया जाऊ द्यायचं नाही म्हणून तेही स्वतः घेतलं. सोमवारीही तसंच केलं. पोर वाचली, याचा आनंद मला झाला. पण तिच्या वाटचं कुठे चाललंय हेही मला दिसत होतं.

दोन्ही दिवस ओसरीखाली कडूबाई आणि गोरक्षही उभे होते. सुया टोचणारा पुन्हा येईपर्यंत तीर्थाचा तरी आधार असू दे, म्हणून ती त्याला ओढून आणायची.

"येवढ्याशा पान्यानं काय हुतंय, आये?"

"घे गप. देवाचं हाय."

आईसाठी त्याने घेतलं. वर हात चाटून म्हणाला की झिरा माझा, पानी माझं, आन पुन्य पंतकाकाला. कडूबाईने त्याच्या पाठीत लटकी चापट मारली.

मंगळवारी सकाळी कडूबाई एकटीच आली. गोरक्षाला पहाटेपासून जुलाब-उलट्या सुरू झाल्या होत्या. दत्तोपंत कलश घेऊन तसेच धावले. पटकीच्या रोग्याला पाणी देऊ नये अशी लोकांची समजूत, आणि गोरक्ष तर पाणी पाणी करत होता. तीर्थाला कुणाची ना नव्हती. म्हणून दत्तोपंत त्याच्या उशाशी बसले आणि दिवसभर त्याला तीर्थच पाजत राहिले. कलश संपला की घरी यायचे, मला पुन्हा अंघोळ घालायचे, पुन्हा जायचे. तीन वेळा आले. तिन्ही वेळा मी आतल्या आत ओरडलो. ओरडलो म्हणजे काय, गप्प राहिलो. माझं ओरडणं आणि गप्प राहणं एकच.

संध्याकाळी गोरक्षाला पोचवून ते परत आले तेव्हा त्यांच्या हातात कलश नव्हता. तिकडेच विसरले होते.

बुधवारी सकाळी दत्तोपंत अंथरुणातून उठले नाहीत. टोचलेली सुई पुरी पडली नव्हती. एका प्रहरात डोळे खोल गेले, बोटांच्या टोकांना सुरकुत्या पडल्या. सुमंतला बोलवायला माणूस गेला होता, पण सर्व्हिसची मोटार लढाईतल्या पेट्रोलच्या टंचाईपायी दिवसाआडच सुटायची. नीलांबरीला दमयंतीने शेजारी पाठवलं. शेजारपाजारचे पुरुष उंबऱ्याशी येऊन चौकशी करून गेले, आत कुणी आलं नाही. ती त्यांना वाटीवाटीने उकळलेलं पाणी पाजत होती. ते घेत होते, ओकून टाकत होते. दुपार व्हायला आली तेव्हा त्यांनी वाटी हाताने बाजूला सारली आणि तीर्थ मागितलं.

घरात पुरुष माणूस नव्हतं. दमयंती थोडा वेळ माझ्याकडे बघत उभी राहिली. मग हातपाय धुतले, चुलीवर पाणी ठेवलं, चांगलं खळखळ उकळू दिलं. परातीत गार पाणी घेऊन त्यात ते भांडं निवायला ठेवलं. पण निववायला वेळ कुठे होता? पुरतं निवण्याआधीच ती देव्हाऱ्यापुढे आली, तिने संपुष्ट उघडला आणि मला हातात घेतलं. तिचा हात चुलीने ऊन झालेला होता. इतकी वर्षं मी त्या घरात होतो, पण तो हात मला तेव्हा कळला. पाणी अंगावर पडलं. मी चव बघितली. त्यात काहीही नव्हतं. नुसतं पाणी होतं.

तिने पळी त्यांच्या ओठांशी नेली. त्यांनी घोट घेतला आणि डोळे उघडले.

"कोमट लागतंय."

"उकळलंय, मामंजी."

ते छताकडे बघत राहिले. काय चाललं होतं ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. वाडी, डोह, वाळू, झिरा, कलश, एकेक पायरी ते मागे उतरत होते. शेवटच्या पायरीवर गोरक्ष होता.

"त्याला मी दिवसभर पाजलं," ते म्हणाले. मग म्हणाले, "मला सांगायचं होतंस."

दमयंतीच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं. "सांगितलं होतं, मामंजी."

"हो. सांगितलं होतंस." त्यांनी तिच्या हाताकडे बघितलं, त्या हातातल्या माझ्याकडे बघितलं. "आणखी दे."

तिने तीन पळ्या दिल्या. त्यांनी तिन्ही घेतल्या. मग त्यांचे ओठ पुन्हा हलले. "कडूबाईला," एवढंच ते म्हणाले. सांग म्हणायचं होतं की सांगू नको म्हणायचं होतं, ते तिला कळलं नाही आणि मलाही नाही. ऊन कलायच्या आत ते गेले.

सुमंत दुसऱ्या दिवशी पोचला. त्याने सगळं ऐकून आधी फावडं घेतलं आणि देवाचा झिरा वाळूने बुजवला. पुढे दिवसकार्य झाल्यावर माझा प्रश्न निघाला. सुमंत नगरला परत जाणार, घरात पूजा करणारा पुरुष नाही, तेव्हा शाळिग्राम नदीत सोडावा, असं गावातले जाणते म्हणाले. नदीत पाणी नव्हतं, म्हणून ते राहिलं. सुमंत म्हणाला की मी नगरला नेतो, शाळेच्या कपाटात ठेवतो, मुलांना समुद्र दाखवतो. मला ते आवडलं असतं. निदान तिथे माझ्या अंगावरचं पाणी कुणी प्यायलं नसतं. पण चौदाव्या दिवशी सकाळी कडूबाई ओसरीखाली येऊन उभी राहिली. रोजच्यासारखी ओंजळ पुढे केली.

दमयंती आत आली आणि तिने मला हातात घेतलं. तेव्हापासून माझी पूजा तीच करते. गावात चार तोंडं बोलली, मग गप्प झाली. रोज पाणी उकळते, निववते, त्यानेच मला अंघोळ घालते, आणि तेच कडूबाईच्या ओंजळीत सोडते.

आता वर्ष होत आलं. सुमंतला नगरला दोन खोल्यांचं बिऱ्हाड मिळालंय. पुढच्या महिन्यात सगळे तिकडे जातील. मग मी कपाटात बसेन, माझ्यापुढे माझ्या नावाची चिठ्ठी असेल, आणि मुलं काचेला नाक लावून बघतील. त्यांना एवढंच सांगावंसं वाटतं: मला देव म्हणा, दगड म्हणा, माकूळ म्हणा, माझी तक्रार नाही. पण माझ्या अंगावरून गेलं म्हणून कुठलंही पाणी चांगलं होत नाही. ते कुठून आलं हे आधी विचारा. मला ते ठाऊक असतं, पण मला सांगता येत नाही.

जाण्याआधी कडूबाईला सांगायचं की नाही, हे दमयंतीचं अजून ठरलेलं नाही. एकदा मला पुसता पुसता तिने मलाच विचारलं, सांगू का रे? मी काय बोलणार?

अलीकडे आवराआवरीत पाणी निवायला वेळ मिळत नाही, आज सकाळीही मिळाला नाही. कडूबाईने तीर्थ घेतलं, ओला हात डोक्यावरून फिरवला आणि म्हणाली, "ऊन लागतंय गं. हल्ली तीर्थ ऊन का आसतंय?"

दमयंतीने मला छातीशी धरलं होतं. ती कशीबशी म्हणाली, "देवाला थंडी वाजते, कडूबाई."

कडूबाई माझ्याकडे बघून हसली. "आन आदी न्हाई व्हय वाजायची?"